डॉक्टरकी की मास्तरकी?

तिरोडा तालुक्यातून या सदराकडे एक पत्र आले आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ शेतकरी, अडीच एकर धानाची शेती. मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली, दोन वर्षांपासून नागपूरला विशेष मुलांच्या एका केंद्रात काम करते आणि आता तिला 'एबीए' या विषयात मास्टर्स करायचे आहे. परदेशी विद्यापीठाचे नाव घेते. खर्च लाखांत आहे, एकरभर जमीन विकावी लागेल. त्यांनी विचारले आहे, 'डॉक्टरसाहेब, हे नेमके कसले शिक्षण आहे जी? डॉक्टरकी आहे की मास्तरकी? पोरीला समजावू की जमीन विकू?'

या सदरात आपण आजवर मधुमेह, सिकलसेल, हिवताप, सर्पदंश यांवर बोललो. अभ्यासक्रमांची माहिती देणे हे खरे तर आरोग्य सदराचे काम नव्हे. पण माझ्या दवाखान्यात हल्ली महिन्यातून दोन-तीन तरी पालक 'पोरगं बोलत नाही, हाक मारली तर पाहत नाही' असे म्हणत येतात. त्यांना कोणाकडे पाठवायचे हा माझ्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. तेव्हा या मुलीने काय शिकावे आणि या मुलांवर उपचार कोणी करावे, हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस. मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणता येईल. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा का करतो, याचे उत्तर त्याच्या मनात न शोधता त्या कृतीच्या आधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले यात शोधायचे, हा या शास्त्राचा पाया. अमेरिकेतील बी. एफ. स्किनर (१९०४ ते १९९०) या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून ही मांडणी केली. ज्या कृतीनंतर हवेसे काही मिळते ती कृती वाढते, ज्या कृतीनंतर काहीच मिळत नाही ती हळूहळू कमी होते. आपल्याकडे मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला प्रबलन म्हणतात. बैलाला शिकवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असते. फरक एवढाच की या मंडळींनी ते मोजायला घेतले. १९६८ साली कॅन्सस विद्यापीठातील बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांनी या विषयाची चौकट लिहून काढली आणि त्याच वर्षी विषयाचे स्वतंत्र नियतकालिकही निघाले.

वुल्फ आणि रिस्ले यांनी त्याआधी, १९६४ मध्ये, एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. डॉक्टर म्हणून मला ती फार शिकवून जाते. डिकी या नावाने ती ओळखली जाते. साडेतीन वर्षांचा मुलगा, स्वमग्न. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंगे काढून टाकावी लागली होती. आज आपण शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसवतो, त्या काळी जाड काचेचा चष्माच लावावा लागे. मुलगा चष्मा लावू देईना. किंचाळायचा, डोके आपटायचे, चष्मा भिरकावायचा. लवकर चष्मा लागला नाही तर दृष्टी कायमची जाईल, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगून ठेवलेले.

मग काय केले? चष्मा जबरदस्तीने बसवणे त्यांनी सोडून दिले. खोलीत ठिकठिकाणी काचा नसलेल्या रिकाम्या फ्रेमा ठेवल्या. मुलाने फ्रेम नुसती हातात घेतली की खाऊ. थोडे दिवस एवढेच. पुढे फ्रेम हातात धरून चालला की खाऊ, मग डोळ्यांच्या जवळ नेली की खाऊ. सुरुवातीला काम रेंगाळले, कारण गोड खाऊची त्याला फारशी ओढ नव्हती. मग त्याची न्याहारीच घासाघासाने या कामाला जोडली. भुकेला घास लागू पडला. नंतर काचा आल्या, चष्मा कानावर बसला आणि रुग्णालयातून घरी जाताना तो मुलगा दिवसाचे बारा तास चष्मा लावत होता. औषधाची एक गोळी नाही. आजच्या नियमांनी न्याहारी अशी हातात राखून ठेवणे कोणी सहज मान्य करणार नाही आणि ते योग्यच आहे. पण मोठे काम बारीक पायऱ्यांत तोडायचे आणि मुलाला स्वतःला जे आवडते तेच बक्षीस धरायचे, ही दोन सूत्रे तेव्हापासून टिकून आहेत.

आता आपल्या जिल्ह्यातले उदाहरण. ओळख पटू नये म्हणून थोडे बदलून सांगतो. सहा वर्षांचा मुलगा, आईवडील राइस मिलमध्ये कामाला, घरी आजी. मुलगा बोलत नाही आणि दिवसातून कितीतरी वेळा स्वतःचे मनगट चावतो. मनगटावर जखम चिघळली म्हणून माझ्याकडे आणला. त्याआधी झाडफूक करून झाली होती. अशा मुलाला पाहताना डॉक्टरने सर्वप्रथम शरीर तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे. न बोलणाऱ्या मुलाला कान दुखतो हे सांगता येत नाही, पोट साफ होत नाही हे सांगता येत नाही, तो चावतो किंवा डोके आपटतो. या मुलाची एक दाढ किडलेली निघाली. ती काढल्यावर चावणे कमी झाले, पण थांबले नाही.

पुढचे काम माझे नव्हते. मी साधा एमबीबीएस. नागपूरच्या एका प्रशिक्षित मुलीशी फोनवर बोललो. तिने सांगितले, 'सर, एक वही करायला सांगा.' वहीत तीन रकाने. चावण्याच्या आधी काय चालले होते, काय केले, त्यानंतर घरच्यांनी काय केले. आठवीतल्या बहिणीने दहा दिवस वही लिहिली. सुंदर अक्षर आणि एकही दिवस चुकवलेला नाही. वही वाचल्यावर सगळे उघड झाले. मुलगा मनगट चावला की आजी घाबरून हातात मोबाइल द्यायची आणि तो शांत व्हायचा. आजीचे काही चुकले नव्हते, नातवाचे रक्त पाहून कोणतीही आजी तेच करील. पण मुलगा मात्र एक धडा शिकला होता की मोबाइल हवा असेल तर चावावे.

त्या मुलीने दिलेली योजना अशी. मोबाइल बंद करायचा नाही. मोबाइलचे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवायचे, मुलाचा हात धरून ते चित्र आजीच्या हातात द्यायला लावायचे आणि दिले रे दिले की मोबाइल द्यायचा. चावले तर जखम होणार नाही एवढे सांभाळायचे, मोबाइल द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात चावणे उलट वाढले. असे होते, हे तिने आधीच सांगून ठेवले होते म्हणून घरचे टिकले. महिन्याभरात दिवसाचे पंधरा-वीस वेळा चावणे दोन-तीनवर आले. मुलगा बरा झाला असे मी म्हणत नाही. तो स्वमग्न आहे आणि राहील. पण जखम भरली, आणि आज तो पाण्याचे, भाताचे, बाहेर जाण्याचे अशी अकरा चित्रे वापरतो.

वाचकहो, आता कोणी म्हणेल की एवढेच असेल तर पदवी कशाला, वही आणि पुठ्ठा पुरे. इथेच खरी मेख आहे. तेच मनगट चावणे दुसऱ्या मुलात वेगळ्याच कारणाने असते. कोणी लक्ष द्यावे म्हणून, हवी ती वस्तू मिळावी म्हणून, नको ते काम टळावे म्हणून, किंवा त्या दाबाने शरीराला बरे वाटते म्हणून; ढोबळ कारणे अशी चार. अभ्यास टाळण्यासाठी चावणाऱ्या मुलाला 'शांत हो' म्हणून खोलीबाहेर नेले तर त्याला हवे तेच मिळाले. कारण चुकले की उपचार उलटा पडतो. ताप मलेरियाचा की विषमज्वराचा हे न पाहता औषध देण्यासारखे आहे. हे कारण ओळखणे, मोजणे, आलेख काढणे, योजना फसत असेल तर ती वेळेत बदलणे, हाच या अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

या शास्त्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण जाहिरातीत ती येत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातील लोवास यांचा प्रसिद्ध अभ्यास आला. एकोणीस लहान मुलांवर आठवड्याला चाळीस तास काम केले, त्यातील नऊ मुले पहिलीत सर्वसाधारण मुलांप्रमाणे शिकू लागली असा निष्कर्ष. जगभरच्या पालकांना त्याने आशा दिली. पण मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, संख्या लहान होती आणि त्या काळच्या पद्धतीत मुलावर ओरडणे, मांडीवर चापट मारणे हेही होते. लोवास यांच्या त्याआधीच्या कामात तर विजेचे झटके वापरले गेले होते. आज मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक स्वतः लिहितात, बोलतात, आणि त्यांतले कित्येक म्हणतात की आम्हाला 'नॉर्मल दिसायला' शिकवण्यात आमचे बालपण गेले. हात हलवणे, डोळ्याला डोळा न देणे यात कोणाचे काय बिघडत होते, हा त्यांचा प्रश्न आहे. मला तो रास्त वाटतो. स्वतःला इजा करणे थांबवावे, संडास-लघवी शिकवावी, मागणी करायला शिकवावे, रस्ता ओलांडायला शिकवावे. मुलगा आनंदाने हात फडफडवत असेल तर फडफडवू द्यावा.

आणि एक सावधगिरी. हल्ली छोट्या गावांतही 'थेरपी'चे फलक दिसू लागले आहेत. जिथे पालकांना आत बसू देत नाहीत, मुलाला मारतात किंवा बांधून ठेवतात, किंवा 'सहा महिन्यांत ऑटिझम बरा' अशी हमी देतात, तिथे पाऊल ठेवू नये. ऑटिझम मुळापासून बरा करणारे औषध, इंजेक्शन वा थेरपी आज जगात कुठेही नाही.

तर पदवीविषयी. अमेरिकेत या विषयाला मोठी मागणी आहे, त्याचे कारण विमा. तिथल्या सर्व ५० राज्यांत ऑटिझमच्या उपचाराचा खर्च विम्यात धरण्याचे कायदे झाले, आणि २०२२ च्या आकडेवारीनुसार तिथे आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एकाला हे निदान आहे. तिथे मास्टर्स, त्यासोबत सुमारे २००० तासांचे देखरेखीखालचे काम, आणि मग परीक्षा, असा रस्ता आहे. २००० तास म्हणजे रोज आठ तास धरले तरी २५० दिवस. हे प्रमाणपत्र देणारे मंडळ १९९८ साली स्थापन झाले. पूर्वी भारतात बसूनही ते मिळवता येई आणि आपल्याकडच्या अनेकांनी मिळवलेही. परंतु १ जानेवारी २०२३ पासून या मंडळाने अमेरिका-कॅनडासारख्या मोजक्याच देशांत राहणाऱ्यांपुरते अर्ज मर्यादित केले. गोंदियात किंवा नागपुरात राहून आता ते प्रमाणपत्र नव्याने मिळत नाही. त्याऐवजी इतर आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रे आहेत, पण 'अमेरिकन बोर्डाची तयारी करून देतो' असे सांगून कोणी फी घेत असेल तर हा बदल त्याच्यापुढे ठेवून लेखी उत्तर मागावे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेला गेलेल्या आपल्याकडच्या काही मुलीही या विषयाकडे वळतात. त्यांनी लक्षात ठेवावे की आश्रित व्हिसावर कॉलेजात शिकता येते, पण पगारी काम करण्याचा परवाना वेगळा लागतो. देखरेखीचे तास बहुधा नोकरी करतानाच भरायचे असतात. परवाना नसेल तर पदवी हातात येते आणि तास अडून राहतात.

भारतात काय? भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने आली. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशा वर्गांची ती नोंदणी करते. वर्तन विश्लेषक हा वर्ग त्या कायद्यात नाही. मात्र २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या परिशिष्टात बिहेवियरल अ‍ॅनालिस्ट हे नाव आले आहे. म्हणजे व्यवसायाला कायद्याच्या पुस्तकात जागा झाली. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत मात्र अजून 'स्पेशल एज्युकेटर' किंवा 'सायकॉलॉजिस्ट' हेच शब्द शोधावे लागतात आणि तिथे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारतात.

म्हणून या वडिलांना माझे सांगणे असे आहे. जमीन आत्ता विकू नका आणि मुलीला अडवूही नका. तिने आधी विशेष शिक्षणातील आरसीआय मान्यताप्राप्त पदविका किंवा बी.एड. करावे. त्याचा खर्च आवाक्यातला असतो आणि नोंदणी क्रमांक जन्मभर कामाला येतो. ते झाल्यावर अनुभवी माणसाच्या हाताखाली दोन वर्षे काम करावे. एवढे करूनही तिची ओढ कायम असेल तर मास्टर्स जरूर करावे. तेव्हा विद्यापीठाला तीन प्रश्न विचारावे. देखरेखीचे तास कोण देणार? त्या पदवीवर मी नेमकी कोणती परीक्षा देऊ शकते? आणि परदेशी किंवा ऑनलाइन पदवी भारतात समकक्ष धरली जाते का? उत्तरे कागदावर घ्यावी. शैक्षणिक कर्ज मिळत असेल तर तेच घ्यावे. कर्ज फिटते, विकलेली जमीन परत येत नाही. काही वाचकांना हे फार सावध वाटेल. पण एकर विकून आणलेली पदवी टांगायला भिंतच नाही, असे इतर क्षेत्रांत मी पाहिले आहे.

डॉक्टरकी की मास्तरकी या प्रश्नाला माझे उत्तर: मास्तरकीच, पण नाडी मोजण्याइतकी काटेकोर. औषध लिहिण्याचा अधिकार यात नाही. निदान करण्याचे काम बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे.

आणि अशा माणसांची गरज आपल्याकडे किती आहे! भारतात पाच ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत मेंदूच्या वाढीशी संबंधित कोणता ना कोणता विकार असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे आठात एक निघाले. त्यात ऐकू न येणे, फिट्स हेही आले. ऑटिझम शेकड्याला एकाच्या आसपास. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावांतून नागपूरला आठवड्यातून दोनदा मूल नेणे म्हणजे आईची दोन दिवसांची मजुरी बुडणे. तेंदूपत्त्याच्या हंगामात तर ते होतच नाही. त्यात भाषा. घरात पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी, अंगणवाडीत मराठी, गोंदियाच्या बाजारात हिंदी, आणि नागपूरच्या केंद्रातले चित्रांचे तक्ते इंग्रजीत. जे मूल मुळात शब्दाला घाबरते त्याच्यापुढे चार भाषा. आपल्याच तालुक्यातली, घरची बोली बोलणारी मुलगी हे काम शिकून आली तर तिची किंमत पदवीपेक्षा जास्त आहे.

तिने इथे येऊन आठवड्याला चाळीस तास एकेका मुलामागे बसावे असे मात्र मला वाटत नाही. ते आपल्याला परवडणारे नाही आणि त्याची गरजही दरवेळी नसते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ सालीच वर्तन पद्धतीने शिकवण्याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती, ती भारतीय वर्गखोल्या समोर ठेवूनच. गोव्यात संगाथ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांसोबत केलेला अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट समूहाच्या मानसोपचार नियतकालिकात आला. ६५ मुले, आणि काम करणारे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवत. ती पद्धत एबीए नव्हे, निराळी आहे. परिणाम सगळ्याच बाबतीत चांगले आले असेही नाही. पण आईवडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. एका प्रशिक्षित मुलीने दहा आशा ताई आणि पन्नास आयांना शिकवावे, हा नमुना आपल्या आठ तालुक्यांना जास्त जुळतो.

तोवर पालकांनी काय करावे? मूल एक वर्षाचे होऊन बोबडे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात गेले असेल, तर 'याचे बाबाही उशिरा बोलले होते' म्हणत थांबू नये. आधी कान तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. लाजेने नेमके तेच मूल घरी ठेवले जाते. पथकाची चिठ्ठी घेऊन जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे, अठरा वर्षांपर्यंत ही सेवा मोफत आहे. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत येतो, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य कवच आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. अर्जासाठी मुलाचे आणि पालकांचे आधार कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि फोटो लागतात. झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती घरूनच करून न्याव्या, म्हणजे मुलाला घेऊन रांगेतून दोनदा उठावे लागत नाही.